बीजिंगच्या कॅम्पसवर उन्हाळी चिनी वर्ग: काय, कधी आणि कसं उरकायचं

चीनमधल्या विद्यापीठांची उन्हाळी सुट्टी म्हणजे आपल्याकडचे आषाढ आणि श्रावण. जुलैच्या मध्याला नेहमीचे विद्यार्थी घरी जातात आणि ऑगस्टअखेरीस परततात. मधल्या काळात परदेशी विद्यार्थ्यांसाठी साधारण चार ते सहा आठवड्यांचे चिनी भाषेचे वर्ग चालतात. या लेखात बीजिंगचा हाइत्येन जिल्हा धरला आहे. 1962 साली स्थापन झालेलं बीजिंग भाषा व संस्कृती विद्यापीठ इथेच आहे, जवळच त्सिंगह्वा आणि पेकिंग विद्यापीठ आहेत आणि परदेशी विद्यार्थ्यांची नेहमीची वर्दळ असलेला वूताओखौ हा भाग आहे. शहर दुसरं असलं तरी बहुतेक गोष्टी अशाच चालतात.

चार आठवडे म्हणजे शिकवण्याचे जेमतेम वीस दिवस. त्यातला पहिला आठवडा सिमकार्ड, पैसे आणि कार्डांच्या रांगांत गेला, तर कोर्सचा पाव भाग तिथेच संपला. सुट्टीमुळे कॅम्पस अर्धा बंद असतो, त्यामुळे एरवी तासाभरात होणारं काम दोन दिवस लांबतं. म्हणून खाली बराच भर आहे तो काय घरून उरकून जायचं आणि काय उतरल्यावर लगेच करायचं, यावर.

शहर अजून ठरलं नसेल तर एवढं पाहा. बीजिंगला जुलै-ऑगस्टमध्ये पारा 35 अंशांवर जातो आणि हवा दमट असते. वूहान, नानचिंग, छोंगछिंग ही शहरं 'भट्टी' म्हणूनच ओळखली जातात. हार्बिनला हवा सुसह्य असते आणि रस्त्यावरची बोलीही प्रमाण चिनीच्या जवळ आहे. खुनमिंगची हवा सर्वांत सुखद, पण भाजीवालीचं बोलणं वर्गात शिकवलेल्या चिनीसारखं ऐकू येत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याने उत्तरेकडचं शहर निवडावं हे आमचं मत.

घरून निघण्याआधी

व्हिसापासून सुरुवात करू. 180 दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी एक्स-2 व्हिसा असतो, त्याहून जास्त मुदतीसाठी एक्स-1. उन्हाळी वर्गाला एक्स-2 लागतो आणि त्यासाठी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हवं. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा, मग पासपोर्ट आणि कागद केंद्रावर द्यायचे. मुंबईत चीनचा वाणिज्य दूतावास असल्यामुळे महाराष्ट्रातल्या अर्जदाराला दिल्ली गाठावी लागत नाही. हाती आलेल्या व्हिसावर तीन आकडे तपासा: शेवटची प्रवेश तारीख, राहण्याचे दिवस आणि प्रवेशांची संख्या. कोर्स 42 दिवसांचा आणि राहण्याचे दिवस 45 असतील, तर कोर्सच्या आधी आणि नंतर मिळून तीनच दिवस उरतात.

प्रवेशांची संख्या 1 असेल तर मधल्या शनिवार-रविवारी हाँगकाँगला जाऊ नका. हाँगकाँग किंवा मकाऊत पाऊल टाकलं की चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते, व्हिसा तिथेच संपतो आणि अर्धा कोर्स बीजिंगमध्ये राहून जातो.

नावाचा घोळ मराठी माणसाला हमखास भोवतो. पासपोर्टवर आपलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनाव वेगळ्या. बँकेच्या कार्डावर मात्र मधलं नाव गळालेलं किंवा नुसतं आद्याक्षर असतं. चिनी यंत्रणा अक्षर न् अक्षर जुळवतात. प्रवेशअर्ज, विमानाचं तिकीट, रेल्वे ॲप आणि पैशांचं ॲप, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव त्याच क्रमाने भरा. प्रवेशपत्रात वडिलांचं नाव सुटलं असेल तर व्हिसाच्या अर्जाआधीच विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या, कारण अखेरचं प्रमाणपत्रही त्याच नावाने छापलं जातं.

आता फोन. गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम हे सगळं चीनच्या इंटरनेटवर बंद आहे. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग असेल तर डेटा आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून फिरून येतो, त्यामुळे ही ॲप त्यावर चालतात. वाय-फायवर गेलात की बंद. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे दोन दिवस निळ्या खुणा दिसल्या नाहीत म्हणून कुणी धास्तावणार नाही. पुढच्या गोष्टी निघण्यापूर्वी करा:

1. भारतीय नंबरवर रोमिंग सुरू करा. डेटा नको असेल तरी एसएमएस मिळाले पाहिजेत, कारण कार्डाचा ओटीपी त्यावरच येतो. सगळ्यात जास्त खोळंबा याच एका कारणाने होतो.
2. दोन सिमचा फोन न्या. एकात भारतीय, दुसऱ्यात चिनी.
3. चिनी शब्दकोशाचं ऑफलाइन चालणारं ॲप आणि पिनयिन (चिनी उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची पद्धत) कीबोर्ड आधीच घ्या. भाषांतराच्या ॲपमधली चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा.
4. प्रवेशपत्र, पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याची कागदपत्रं फोनमध्येच साठवा, गूगल ड्राइव्हवर नको. शिवाय छापील प्रती दोन.
5. विद्यापीठाचा आणि वसतिगृहाचा पत्ता चिनी लिपीत मोठ्या अक्षरांत छापून घ्या.

पैशांसाठी व्हिसा किंवा मास्टरकार्डचं एक क्रेडिट कार्ड आणि एक फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड, असे दोन वेगळे पर्याय ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू करायला विसरू नका. यूपीआयच्या भरवशावर तर जाऊच नका. सोबत हजारभर युआन रोख, त्यातही दहा-वीसच्या नोटा जास्त. एक युआन म्हणजे ढोबळमानाने बारा-तेरा रुपये.

सामानात आपल्याकडची गोल पिनांची चार्जर नेता येतात, पण ॲडॅप्टर हवाच. चीनमधल्या सॉकेटला चपट्या दोन पिना किंवा तिरक्या तीन पिना लागतात. वीज 220 व्होल्टचीच आहे, तेव्हा ट्रान्सफॉर्मर नको. पॉवर बँकेबाबत नियम बदलला आहे: 28 जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '3 सी' हे चिनी सुरक्षा चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही. ग्वांगचौला उतरून बीजिंगचं विमान धरणार असाल तर घरची पॉवर बँक तिथल्या तपासणीतच जाते. ती नेऊच नका, बीजिंगमध्ये विकत घ्या. रोजची औषधं पूर्ण मुदतीची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

पहिले अठ्ठेचाळीस तास

शक्यतो वर्ग सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, कामकाजाच्या दिवशी, सकाळी उतरेल असं विमान घ्या. रविवारी रात्री पोचणाऱ्याचं सोमवारचं वेळापत्रक कोलमडलंच म्हणून समजा. विमानतळावर आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्यांना टाळा. अधिकृत रांगेत उभं राहून छापील पत्ता दाखवा.

वसतिगृहात पोचल्यावर सगळ्यात आधी पोलिस नोंदणी. परदेशी माणूस जिथे राहतो तिथली नोंद 24 तासांत व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं. वसतिगृहाचा काउंटरही बहुधा करतो, पण 'झाली का' हे विचारून कागदाची प्रत किंवा फोटो मागून घ्या. बाहेर भाड्याने किंवा ओळखीच्यांकडे राहणार असाल तर स्वतः जवळच्या पोलिस चौकीत जावं लागतं. चुकलं तर ताकीद मिळते किंवा 2000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. मधल्या सुट्टीत दुसऱ्या शहरी जाऊन आलात तर पुन्हा नोंद लागते का, हेही काउंटरवरच विचारा.

दुसरं काम सिमकार्ड. चायना मोबाइल, चायना युनिकॉम आणि चायना टेलिकॉम या तीन कंपन्या आहेत. पासपोर्ट घेऊन कंपनीच्या दुकानातच जा. तिथे फोटो काढून नोंद होते. कॅम्पसवरच्या टपरीत स्वस्त मिळतं म्हणून दुसऱ्याच्या नावावरचं सिम घेऊ नका, कारण पुढे प्रत्येक ॲप पासपोर्टशी जुळणारा नंबर मागतं. घेतानाच विचारा: मासिक हप्ता किती, किती महिने बांधील, आणि बंद कुठे करायचं.

तिसरं काम वीचॅट (निरोप-गप्पांचं ॲप) आणि अलीपे (पैसे देण्याचं ॲप). भारतात या दोन्हींवर 2020 पासून बंदी आहे, त्यामुळे ती इथून घेऊन जाता येत नाहीत. चिनी सिम चालू झाल्यावरच तिकडे घ्यायची. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर चीनमध्ये उघडत नाही, तेव्हा ॲपच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा. आयफोनवर ॲप स्टोअरचा देश बदलावा लागतो. देश बदलताना खात्यात शिल्लक रक्कम किंवा चालू वर्गणी असेल तर अडतं, म्हणून ते घरीच साफ करून ठेवा. वीचॅटचं नवं खातं उघडताना जुन्या खातेदाराने कोड स्कॅन करून तुमची ओळख पटवावी लागते. भारतातून आलेले सगळेच नवे असतात, तेव्हा आपापसात ते जमत नाही. परदेशी विद्यार्थी कार्यालयातल्या मदतनीस विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगा. वर्गाचा गट, सूचना, खोलीबदल सगळं वीचॅटवरच येतं, म्हणून हे टाळता येत नाही.

मग अलीपेत कार्ड जोडा. क्रम असा: चिनी नंबराने खातं, पासपोर्टचा फोटो, चेहऱ्याची पडताळणी, कार्ड, भारतीय सिमवर आलेला ओटीपी. लगेच एखादी पाण्याची बाटली विकत घेऊन पाहा. 200 युआनपर्यंतच्या खरेदीला जादा आकार नाही, त्यावर 3 टक्के लागतात. म्हणून मोठी खरेदी जमेल तिथे दोन-तीन बिलांत विभागा. परदेशी कार्डावरून दुकानदाराला पैसे देता येतात, मित्राला पाठवता येत नाहीत. सहाजण जेवायला गेलात तर आपला वाटा रोखीत द्या, किंवा सगळ्यांचं बिल तुम्ही भरून रोख गोळा करा. एखाद्या फळवाल्याच्या कोडवर व्यवहार फसला तर तो त्याचा वैयक्तिक कोड असतो. तिथेही रोखच.

यातलं काहीही दुपारी बारा ते दोनमध्ये करायला जाऊ नका. ती 'वू-शिउ'ची, दुपारच्या विश्रांतीची वेळ. कार्यालयांना कुलूप, काउंटरवर दिवा बंद, आणि शिपाईसुद्धा टेबलावर डोकं टेकून झोपलेला. सुट्टीच्या दिवसांत काही कार्यालयं आठवड्यातून दोन-तीन दिवसच, पाळीपुरती उघडतात. दारावरच्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

शेवटी कॅम्पस कार्ड. याला 'यी-खा-थोंग' म्हणतात: कॅन्टीन, ग्रंथालय, फाटक, कुठे कुठे गरम पाणी आणि आंघोळीचं पाणीसुद्धा त्यावरच. मोठ्या विद्यापीठांच्या फाटकांवर आता चेहरा ओळखणारी यंत्रं आहेत. तुमचा फोटो त्या यंत्रणेत गेल्याशिवाय आत येताना दर वेळी पासपोर्ट दाखवत बसावं लागतं. कार्डात पैसे भरताना परदेशी कार्ड नाकारलं जाऊ शकतं. मग भरणा खिडकीवर रोख द्या. आधी शंभरच भरा, कारण उरलेली रक्कम परत मिळवणं हे निघतानाचं आणखी एक काम होऊन बसतं.

खोली

परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह चिनी विद्यार्थ्यांपासून वेगळं असतं. खोलीत शिरल्याबरोबर एसी, गीझर, नळ, खिडकीची जाळी तपासा आणि मोडकं काही असेल तर फोटो काढून त्याच दिवशी काउंटरला दाखवा. 'या-चिन', म्हणजे डिपॉझिट, परत घेताना हे फोटो कामी येतात. पावती जपा. डिपॉझिटची पावती हरवली की परतावा अडतो. वीज बऱ्याच ठिकाणी आगाऊ भरायची असते आणि एसी रात्रभर चालवला की शिल्लक पहाटे संपते. मीटरवरचा आकडा झोपण्यापूर्वी पाहायची सवय लावा.

गाद्या कडक असतात. उन्हाळ्यात त्यावर 'ल्यांग-शी' नावाची बांबूची किंवा वेताची चटई घालतात. कॅम्पसच्या दुकानात ती मिळते आणि खरोखर गार लागते. खालच्या मजल्यांवर डास असतात, मच्छरदाणी तिथेच विकत मिळते.

इंडक्शन शेगडी, राइस कुकर, पाणी तापवायचा कॉइल: हे घरून नेऊ नका. खोलीत जास्त वॉटचं उपकरण लावायला बंदी असते, तपासणी होते आणि वस्तू जप्त होते. कुकर लावल्याबरोबर मजल्याचा फ्यूज उडाला की कुणी लावला ते शोधायला वेळ लागत नाही. उकळतं पाणी मात्र फुकट किंवा नाममात्र दरात मिळतं. मजल्यावर किंवा तळाशी 'खाइ-श्वे'चं यंत्र असतं. नळाचं पाणी पिऊ नका. एक झाकणाची थर्मास बाटली घेतली की चहा, तयार पोहे, उपमा, सूप सगळं त्यावर भागतं.

जुन्या इमारतींत सामाईक न्हाणीघर असतं आणि गरम पाण्याच्या वेळा ठरलेल्या. तिथे आडोसा नसतो. ज्यांना ते नको असेल त्यांनी अर्ज करतानाच स्वतंत्र बाथरूमची खोली मागावी, नंतर बदल क्वचितच होतो. सार्वजनिक शौचालयांत कागद नसतो, म्हणून खिशात टिश्यूची पुडी हवीच. रात्री साधारण अकरानंतर इमारतीचं दार बंद होतं. नेमकी वेळ पहिल्या दिवशी विचारा.

जेवण

कॅन्टीनला 'शिथांग' म्हणतात. वेळा काटेकोर: नाश्ता साडेसहा ते नऊ, जेवण अकरा ते एक, रात्रीचं पाच ते सात. सातनंतर गेलात तर रिकामी भांडी. सुट्टीत अनेकांपैकी एक-दोनच कॅन्टीन उघडी असतात. कोणतं उघडं आहे ते वर्गाच्या गटात विचारा. पावणेबाराला गेलात तर दहा मिनिटांत काम होतं, सव्वाबाराला गेलात तर अर्धा तास रांग. ताट घ्यायचं, काचेमागच्या भाज्यांकडे बोट दाखवायचं, कार्ड टेकवायचं. दोन भाज्या आणि भात साधारण 12 ते 18 युआनमध्ये होतं.

मांसाहारी माणसाला काहीच अडचण नाही. शाकाहाऱ्याला आहे, आणि ती भाज्या नसल्यामुळे नाही. भाज्या भरपूर असतात, पण त्यात काय काय मिसळलंय ते दिसत नाही. चवळीसारख्या लांब शेंगांच्या भाजीत खिमा असतो, झणझणीत 'मा-फो' टोफूत असतो, आणि निव्वळ पालेभाजीही डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. नुसतं 'रोउ', म्हणजे मांस, म्हटलं की तिकडे डुकराचं मांस धरतात. म्हणून 'मांस नको' म्हटल्यावर कुणी सहज कोंबडी घालतो आणि त्याला त्यात खोटं काही वाटत नाही. उपयोगी वाक्यं, उच्चारानुसार:

'वो छ सू': मी शाकाहारी आहे.
'पू याओ रोउ': मांस नको.
'यौ रोउ-मो मा?': खिमा आहे का?
'पू याओ चू-यौ': डुकराची चरबी नको.

हीच चार वाक्यं चिनी लिपीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद दाखवणं पहिल्या आठवड्यात जास्त कामाचं, कारण तुमच्या स्वरांवर, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढ-उतारावर, अजून कुणाचा भरवसा नसतो.

भरवशाचे पदार्थ कोणते? बटाट्याचे बारीक काप करून व्हिनेगरमध्ये परतलेली 'थू-तौ-स', बटाटा-वांगं-मिरचीची 'ती-सान-श्येन', टोमॅटो-अंडं, साधा भात, आणि आत सारण नसलेला, वाफवलेला पाव 'मान-थौ'. नाश्त्याला 'तौ-च्यांग' हे सोयादूध आणि भाजीचं सारण भरून वाफवलेले 'पाओ-त्स'. 'पाओ-त्स' घेताना मात्र 'सू', म्हणजे शाकाहारी, लिहिलंय का ते पाहा, नुसत्या आकारावरून आतलं सारण कळत नाही. उन्हाळ्यात मोठ्या पिंपात मुगाचं गार कढण ठेवतात, 'ल्यू-तौ-थांग'. आपल्या माणसाला ते लगेच आवडतं. डुकराचं मांस आणि चरबी टाळायची असेल तर 'छिंग-चन' पाटीचं कॅन्टीन शोधा. ते मुस्लिमांसाठी असतं, तिथे डुकराची चरबीसुद्धा येत नाही. गोमांस आणि मटण असतं, एवढं ध्यानात ठेवा.

श्रावण पाळणारे किंवा जैन असाल तर कॅन्टीनमध्ये कांदा-लसणापासून सुटका नाही. बौद्ध मठांच्या परंपरेतली शाकाहारी उपाहारगृहं शहरात आहेत. तिथे कांदा-लसूण मुळातच वर्ज्य असतो. रोज परवडणार नाही, पण आठवड्यातून एकदा पोटभर जेवायला हीच जागा. बाकी दिवस भात, मान-थौ, फळं आणि घरची चटणी-मेतकूट. कलिंगड आणि पीच या दिवसांत स्वस्त आणि उत्तम असतात.

वर्ग

पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी ठरवणारी चाचणी होते. भारतीय विद्यार्थी इथे वेगळ्याच कात्रीत सापडतो. तो बोलायला धजावतो, ऐकून पटकन उचलतो, पण चिन्हं वाचता येत नाहीत. जपानी विद्यार्थ्याचं नेमकं उलटं, त्याला अर्धी चिन्हं आधीच ओळखीची असतात. चाचणी लेखी जास्त असेल तर तुम्ही खालच्या वर्गात जाल. त्यात कमीपणा नाही, चार आठवड्यांत चिन्हं पक्की झाली तर तीच कमाई. मात्र वर्ग खरोखर सोपा किंवा अशक्य वाटला तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच बदल मागा. त्यानंतर यादी पक्की होते.

तास बहुधा सकाळी आठला सुरू होतात आणि बारापर्यंत चालतात. मुख्य पाठ, संभाषण आणि ऐकणं अशी विभागणी असते. शिक्षकांना आडनावानंतर 'लाओ-श' लावून हाक मारायची. नुसतं नाव घेतलं तर उद्धटपणा वाटतो. रोज 'थिंग-श्ये' असतं: शिक्षक शब्द उच्चारतात, तुम्ही चिन्ह लिहायचं. याची तयारी अशी करा: पाठातली नवी चिन्हं आदल्या दुपारी रेघांच्या ठरलेल्या क्रमाने प्रत्येकी पाच-सहा वेळा लिहा, रात्री न बघता एकदा, सकाळी नाश्त्याला जाण्याआधी आणखी एकदा. रात्री एका बैठकीत पन्नास वेळा गिरवलेलं सकाळी पुसलं जातं. क्रम चुकवून लिहिणाऱ्याचं चिन्ह दिसायला बरोबर येतं, पण वेगाने लिहिताना त्याचा हात अडखळतो.

उच्चारांत मराठी माणसाला मोठं घबाड मिळालेलं आहे आणि बहुतेकजण ते वापरत नाहीत, कारण पिनयिन इंग्रजीसारखं वाचतात. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला प, 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. महाप्राण-अल्पप्राणाचा हा फरक इंग्रज विद्यार्थ्याला आठवडाभर छळतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळाला आहे. पुढे 'जे' म्हणजे 'चहा'तला च, 'क्यू' म्हणजे 'छत्री'तला छ, आणि 'झेड' म्हणजे 'चाक', 'चूल' यांतला च. हा दुसरा च हिंदीभाषकाकडे नाही, आपल्याकडे आहे. 'सी' म्हणजे त्याच जागेवरून सोडलेला जोरदार श्वासाचा उच्चार. जीभ मागे वळवून म्हणायचे 'झेड-एच', 'सी-एच', 'एस-एच' तेवढे नव्याने शिकावे लागतात. पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर हा तक्ता देवनागरीत लिहून ठेवा.

स्वर, म्हणजे आवाजाचे ठरलेले चढ-उतार, मात्र आपल्याला फुकट मिळत नाहीत. नेहमीची चूक म्हणजे प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट वर नेणं, जसं आपण 'जेवलास?' म्हणतो. चिनीत त्याने शेवटच्या शब्दाचा अर्थच बदलतो. दुसरी चूक तिसऱ्या स्वराची. पुस्तकात तो खाली जाऊन वर येतो असा काढलेला असतो, पण बोलण्याच्या ओघात तो बहुतेक वेळा खालीच राहतो. दोन तिसरे स्वर लागोपाठ आले तर त्यांतला आधीचा 'दुसऱ्या स्वरा'सारखा, म्हणजे चढता, होतो. 'नी हाओ' हेच त्याचं उदाहरण. शब्द सुटे पाठ करू नका, जोडीने करा.

फोनवर टाइप करताना 'यू'वर दोन टिंबं असलेलं पिनयिन अक्षर 'व्ही' दाबून येतं, हे कुणी सांगत नाही आणि 'बाई' या अर्थाचा साधा शब्द टाइप होईना म्हणून लोक हैराण होतात. फोन नंबर सांगताना एकला 'यी' नव्हे, 'याओ' म्हणतात.

हजेरीचा नियम कडक असतो. ठरलेल्या टक्क्यांखाली गेलात तर परीक्षेला बसू देत नाहीत आणि प्रमाणपत्रही नाही. चीनची भिंत पाहायला शनिवार आहे.

दुपारनंतर

कोर्स फसतो तो इथे. सकाळी चार तास चिनी, मग दिवसभर परदेशी वसतिगृहात इंग्रजी. सुट्टीत चिनी विद्यार्थी दिसत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण सगळे गेलेले नसतात. डिसेंबरमधल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करणारे ग्रंथालयात आणि रिकाम्या वर्गांत ठाण मांडून असतात. त्यांना दिवसा छेडू नका. संध्याकाळी जेवणानंतर ते मैदानाच्या ट्रॅकवर फेऱ्या मारतात, तेव्हा बोलतात. इंग्रजीचा पेपर त्यांनाही असतो, म्हणून 'यू-पान', म्हणजे भाषेचा जोडीदार, व्हायला तयार होणारे सापडतात. घड्याळ लावा: अर्धा तास चिनी, अर्धा तास इंग्रजी. वेळ ठरवला नाही तर ज्याची भाषा चांगली त्याचीच चालते.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे काम आणि बोलणं एकत्र करणं. सायकल दुरुस्त करणारा, फळवाली, केस कापणारा, पार्सल केंद्रावरची मुलगी यांच्याशी रोज एकच ठरलेलं संभाषण करा आणि दर दिवशी एक वाक्य वाढवा. पार्सल कॅम्पसच्या केंद्रात येतं, फोनवर आकड्यांचा कोड येतो. तो मोठ्याने चिनीत वाचून दाखवला की आकड्यांचा सराव आपोआप होतो. बाहेरून मागवलेलं जेवण बहुधा फाटकापाशी ठेवतात, आत येत नाही. फोन आला तर घाबरून कापू नका, त्याला फक्त कोणतं फाटक एवढंच हवं असतं.

शहरात फिरायला मेट्रो स्वस्त आहे: 6 किलोमीटरपर्यंत 3 युआन, 12 पर्यंत 4, 22 पर्यंत 5. प्रत्येक स्टेशनात बॅगेची तपासणी होते. रस्ता शोधायला चिनी नकाशा ॲप घ्या. गूगलचा नकाशा मिळाला तरी चीनमधली स्थानं त्यात सरकलेली दिसतात. रेल्वेची तिकिटं अधिकृत 12306 ॲपवर 15 दिवस आधी खुली होतात. पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून खातं पहिल्या आठवड्यातच उघडून ठेवा. स्टेशनवर पासपोर्ट हेच तिकीट.

आजार, पाऊस, तातडी

उत्तर चीनमध्ये जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला पावसाचा जोर असतो. थोड्या तासांत प्रचंड पाणी येतं आणि मग दोन दिवस कडक ऊन. इशारा आला की डोंगराकडच्या सहली रद्द करा, भिंतीचे दुरुस्त न केलेले भाग तर टाळाच. रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक दुचाक्या आवाज न करता मागून येतात, कानात इअरफोन नको.

बारीकसारीक आजाराला कॅम्पसचा दवाखाना पुरतो. पासपोर्ट न्या, आधी नोंदणी खिडकीवर पैसे भरा, मग डॉक्टर. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातही आधी पैसे, नंतर तपासणी हाच क्रम. विमा असला तरी खर्च आधी खिशातून होतो, म्हणून शिक्क्याची प्रत्येक पावती ठेवा. पोलिस 110, अग्निशमन 119, रुग्णवाहिका 120. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांचा दाखला, मग भारतीय दूतावास, मग पुन्हा चिनी व्हिसा कार्यालय. या फेऱ्यांत सहज दोन-तीन आठवडे जातात, म्हणून झेरॉक्स वेगळी ठेवा आणि मूळ पासपोर्ट जपून बाळगा.

निघताना

शेवटच्या आठवड्यात सोमवारपासून एकेक काम मिटवा. प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका सहसा अखेरच्या दिवशी मिळतात, तेव्हा विमान त्याच दुपारचं घेऊ नका. हातात घेताच नावाचं स्पेलिंग आणि तांबडा शिक्का पाहा, पुण्याला पोचल्यावर दुरुस्ती होत नाही. कॅम्पस कार्डातली शिल्लक आणि कार्डाची अनामत कार्यालयाच्या वेळेत परत घ्या. खोलीचं डिपॉझिट घेताना चादरी मोजतात, त्या आदल्या रात्री धुवायला टाकलेल्या नसाव्यात. सिम शक्यतो ज्या कंपनीच्या दुकानातून घेतलं तिथेच, पासपोर्ट दाखवून बंद करा, नाही तर हप्ता थकत राहतो आणि पुढच्या खेपेला तुमच्या नावावर नवं सिम अडतं. सिम बंद करणं हे अगदी शेवटचं काम ठेवा. डिपॉझिट वीचॅटवर परत येणार असेल तर ते जमा झाल्याचं पाहूनच दुकानात जा.